टाकीचं उदाहरण दाखल होत नाही

सरांकडे गणित विचारायला गेलं की पहिल्यांदा आवक क्रमांक मिळायचा. हे मी चेष्टेनं सांगत नाही. किन्हवलीतल्या त्यांच्या घराच्या ओटीवर एक लाकडी टेबल होतं. त्यावर लांबलचक रजिस्टर, शाईचा पॅड आणि ‘प्राप्त’ असं कोरलेला रबरी शिक्का. आपण अडलेलं उदाहरण वहीच्या कोऱ्या पानावर उतरवून न्यायचं. सर वही उलटसुलट करून बघायचे, पानाच्या कोपऱ्यात ठप्पकन शिक्का मारायचे, खाली तारीख घालायचे, रजिस्टरात नोंद करायचे आणि मग चष्म्यावरून बघत विचारायचे, ‘‘मागणी काय हाय?’’

पहिल्या दिवशी मी म्हटलं, ‘‘सर, मला गणित येत नाय.’’

‘‘ती तुझी तक्रार झाली. मागणी काय?’’

‘‘गणित आलं पायजे.’’

‘‘लेखी दे,’’ सर म्हणाले, आणि पुढच्या पोरीची वही घेतली.

सर म्हणजे काही शिक्षक नव्हते. सगळी नोकरी त्यांनी एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक म्हणून केली. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही. मी स्वतः आता तशाच एका कचेरीत बसते आणि मला अजून बरीच वर्षं बसायचंय. लोक अर्ज घेऊन येतात. आवकवाल्यानं तो घ्यायचा, नंबर द्यायचा, शिक्का मारायचा आणि पुढच्या टेबलाच्या ट्रेमध्ये टाकायचा. त्याचं पुढं काय झालं हे विचारायचं नसतं. सरांनी ते कधीच विचारलं नाही आणि त्यांना त्याचा अभिमान होता. ‘‘एक अर्ज माझ्या टेबलावर शिळा झाला नाय,’’ असं ते आम्हाला दर रविवारी ऐकवायचे. दुसरा अभिमान खुर्चीचा. ‘‘आवकवाल्यानं खुर्ची सोडायची नसते. लोकं लांबून येतात. खुर्ची रिकामी दिसली की बिचारी तशीच परत जातात.’’ त्यांची बायको, जिला आम्ही काकू म्हणायचो, आतून म्हणायची, ‘‘कचेरीला आग लागली असती तरी यांनी आधी आगीला नंबर दिला असता, मग पाणी मागवलं असतं.’’

‘‘मागवलं नसतं,’’ सर शांतपणे म्हणायचे. ‘‘ते जावकचं काम. आधी सायबाची सही लागते.’’

निवृत्त झाल्यावर कचेरीनं शिक्का ठेवून घेतला. काकू सांगायच्या, आठ दिवस सर घरात वासरू हरवलेल्या गाईसारखे फिरत होते. नवव्या दिवशी कल्याणला जाऊन स्वतःचा शिक्का बनवून आणला. पण घरी अर्ज कोण देणार? काकूंनी किराण्याची यादी दिली तर तिच्यावर शिक्का. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली तर तिच्यावर शिक्का. पाहुण्यांनी ती पत्रिका बघितली आणि बोलणं बंद केलं ते दिवाळीपर्यंत. अशात शेजारची एक मुलगी भरतीच्या परीक्षेतलं शाब्दिक उदाहरण घेऊन आली. सरांनी ते वाचलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हा तर अर्जच आहे, फक्त खाली सही राहिलीय.

क्लास सुरू झाला तो तिथून. धसईकडून पोरं यायची, शहापुरातून यायची, खर्डीच्या वरच्या पाड्यातून मी यायचे. तलाठी भरती, पोलीस भरती, लिपिक भरती, ज्याला जे लाभेल ते.

सरांचं म्हणणं असं की शाब्दिक उदाहरण हे गणित नसतंच. तो एक वाईट लिहिलेला अर्ज असतो. ‘‘अर्जदार काय करतो? आजोबापासून सांगत येतो. मग शेजाऱ्याची चुगली. मग यंदा पीक कसं गेलं ते. नि कागद संपायला आला की शेवटच्या ओळीत मागणी लिहितो. म्हणून खालून वाचायचं.’’ शेवटच्या ओळीखाली लाल पेनानं रेघ. मग अर्जदार कोण ते शोधायचं, मग पुरावा म्हणून कोणते आकडे जोडलेत ते बघायचं. उरलेला सगळा फाफटपसारा. त्यावर सरळ आडवी लाल रेघ मारायची, म्हणजे तो डोळ्यांना दिसतच नाही.

हसू नका. लिपिक भरतीत मी दोनदा गणितात आपटले होते. मराठीत बरे मार्क, सामान्य ज्ञानात त्याहून बरे. पण उदाहरणाच्या तिसऱ्या ओळीला पोचेपर्यंत मी पहिली ओळ विसरायचे. रमेश सुरेशपेक्षा मोठा, पाच वर्षांपूर्वी दोघांच्या वयांची बेरीज अमुक, आणि मला तर दोघांची तोंडंसुद्धा आठवेनाशी व्हायची. सरांकडे महिनाभर गेले आणि रमेश-सुरेश गुमान जागेवर बसायला लागले.

अर्थात प्रत्येक अर्जाची छाननी व्हायचीच. ‘वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे’ असं आलं की सर म्हणायचे, ‘‘जन्मदाखला जोडला नाय. तरी पुढं चला.’’ दूध आणि पाण्याच्या मिश्रणाचं उदाहरण आलं की, ‘‘हा अर्ज आपल्या टेबलाचा नाय, भेसळवाल्यांकडं जायला हवा होता. पण चुकून आलाय तर नंबर देऊ.’’ आणि मजुरांचं उदाहरण म्हणजे तर त्यांच्या खास आवडीचं. ‘बारा मजूर एक रस्ता वीस दिवसांत करतात’ म्हटलं की सर पेन खाली ठेवायचे.

‘‘हजेरीपटावर बारा. कामावर किती?’’

धसईचा एक पोरगा एकदा म्हणाला, ‘‘सर, आमच्या रस्त्याला चार होते. त्यातला एक मुकादम.’’

‘‘बरोबर. पण परीक्षेत हजेरीपटावरचे बारा धरायचे. कामावरचे चार धरले की तू नापास. सरकारी परीक्षा हाय, सरकारचा आकडा धर.’’

इतकं स्वच्छ गणित मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं.

फक्त एक उदाहरण सर दाखल करून घेत नसत. टाकीचं. ‘एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा नळ तीच टाकी नऊ तासांत रिकामी करतो, दोन्ही नळ एकाच वेळी उघडले तर टाकी किती तासांत भरेल?’ हे वाचलं की सरांचं डोकं तापायचं. शिक्का जागचा हलायचा नाही. ‘‘टाकीचं उदाहरण दाखल होत नाय. त्रुटी हाय. घेऊन जा.’’ कसली त्रुटी हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

बाकीच्या पोरांचं चालून जात होतं. माझं चालणार नव्हतं. मागच्या वेळी मी दोन मार्कांनी राहिले होते आणि त्या पेपरात टाकीची दोन उदाहरणं होती. बा म्हणाला होता, ही तिसरी खेप, शेवटची. नाही झालं तर मुरबाडच्या कंपनीत पॅकिंगला जायचं, जिथं आधीच्या दोन पावसाळ्यांत मी खोके चिकटवून आले होते. तिथलं काम वाईट नव्हतं. पण दिवसभर उभं राहून मी पट्टी ओढत असे आणि मनात विचार येई की पन्नाशीला आल्यावरही मी हीच पट्टी ओढत असणार. मला टाकी भरायला यायलाच हवी होती.

शेवटी मी काकूंना गाठलं. त्या मागच्या पडवीत तांदूळ निवडत होत्या.

‘‘बाय, त्यांना टाकीचं विचारू नको,’’ काकू म्हणाल्या. मग आवाज बारीक करून त्यांनी सगळं सांगितलं. सरांनाही एकदा साहेब व्हायचं होतं. बढतीची खात्यातली परीक्षा होती, अभ्यास दांडगा झाला होता, खिशाला लावायला हिरवं पेनही घेऊन ठेवलं होतं. कचेरीत हिरव्या शाईनं फक्त साहेबच लिहितात. पेपरात टाकीचं उदाहरण आलं. सरांनी उत्तराच्या जागी अर्धं पान लिहिलं: ‘एक नळ टाकी भरत असताना दुसरा नळ उघडा ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यास प्रथम निलंबित करण्यात यावे. त्यानंतरच टाकी किती वेळात भरेल हे सांगता येईल.’ तेवढ्याच मार्कांनी नापास झाले. हाताखालची पोरं साहेब होऊन समोरून जायला लागली, पण सर पुन्हा परीक्षेला बसले नाहीत. ‘‘मी चुकलो नाय, असंच म्हणतात अजून,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पेन मात्र टेबलाच्या खणात हाय.’’

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. त्या दिवशी परतताना मी बसमध्ये ते अर्धं पान पाठ करून टाकलं.

आता माझ्या उशिराचं सांगायला हवं, कारण सगळं त्यात अडकलंय. मार्चनंतर आमच्या पाड्याच्या विहिरीत काही राहत नाही. टँकर येतो तो दिवसाआड, आणि येईल तेव्हा. तो विहिरीत पाइप सोडतो आणि हॉर्न वाजला की असेल तिथून सगळ्यांनी धावायचं. रविवारी टँकर आला की मी हंडे भरून, मग खाली खर्डीला उतरून, शहापूरला येऊन, किन्हवलीची बस धरून क्लासला पोचेपर्यंत निम्मा क्लास झालेला असायचा. सर वर न बघता म्हणायचे, ‘‘लेखी.’’ मग मी अर्ज लिहायचे. विषय: उशिराबाबत. कारण: टँकर आला होता. मागणी: माफी मिळावी. सर शेवटची ओळ वाचायचे, वरच्या मजकुरावर आडवी लाल रेघ मारायचे, ‘मंजूर’ लिहायचे, आणि अर्ज फाइलला लावायचे. त्या उन्हाळ्यात माझे असे अकरा अर्ज झाले.

बारावा अर्ज परीक्षेच्या पंधरा दिवस आधीचा. त्या दिवशी टँकर फारच उशिरा आला. मी पोचले तेव्हा पोरं वह्या आवरत होती, माझ्या ओढणीची एक बाजू अजून ओली होती. सर म्हणाले, ‘‘लेखी.’’

मी लिहिलं. दोन पानं लिहिली. शेवटी लिहिलं: मागणी: पुस्तकातील टाकीचे उदाहरण दाखल करून घ्यावे.

सरांनी सवयीप्रमाणे शेवटची ओळ वाचली. शिक्का वरच्या वर थांबला.

‘‘हे दाखल होत नाय. तुला ठाऊक हाय.’’

‘‘वरचं वाचा ना सर.’’

‘‘वरती फाफटपसारा असतो.’’

‘‘या वेळी नाय,’’ मी म्हटलं. सरांशी असं कुणी बोलत नसे.

सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि वाचायला सुरुवात केली, कचेरीत वाचतात तशा आवाजात. ‘अर्जदार दर उन्हाळ्यात विहिरीवर उभी असते. टँकरचा पाइप विहीर भरत असतो. त्याच वेळी काठावरून पाड्यातल्या सगळ्या बाया पाणी शेंदत असतात...’ तिथं ते थांबले.

‘‘एकदमच?’’

‘‘एकदमच.’’

‘‘अगो, टँकर आधी रिकामा होऊ द्यायचा. विहीर भरली की मग शेंदायचं. कोण येडा दोन्ही एकाच टायमाला चालू ठेवतो?’’

‘‘आमी, सर,’’ मी म्हटलं. ‘‘थांबलं तर पाणी मुरतं. नि मागं राहिली तिच्या हंड्यात गाळ येतो. मी शाळेत जायच्या आधीपासून आमचे दोन्ही नळ चालूच हायेत. कुणाला निलंबित करायचं?’’

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. आत काकूंच्या हातातलं भांडं वाजलं. निघालेली पोरं ओटीच्या पायरीवरच उभी राहिली. सर माझ्याकडे बघत राहिले, आणि मला वाटलं, आता वही ओटीवरून खाली जाणार आणि तिच्या मागोमाग मी.

‘‘उत्तर येतं का तुला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘विहिरीवर नंबर लावून उभी असताना जमलं. सहा नि नऊ, दोघांनाही चालेल अशी अठरा हंड्यांची टाकी धरायची. सहा तासांत भरणारा नळ तासाला तीन हंडे आणतो. नऊ तासांत रिकामी करणारा तासाला दोन नेतो. दर तासाला एक हंडा मागं उरतो. अठरा हंडे, अठरा तास.’’

सरांनी बोटांवर मोजलं. मग रजिस्टराच्या शेवटच्या पानावर अठरा छोट्या उभ्या रेघा काढून मोजलं. त्यांना घाई नव्हती. एवढी वर्षं थांबलेला माणूस, अजून पाच मिनिटं थांबला.

‘‘एक हंडा उरतो म्हणतेस.’’

‘‘गणितात उरतो, सर. आमच्या विहिरीत नाय उरत.’’

त्यांनी खालच्या कप्प्यातून माझी फाइल काढली. अकरा अर्ज, अकरा शिक्के. प्रत्येकावर एकाच जागी आडवी लाल रेघ, आणि प्रत्येक रेघेखाली तेच तीन शब्द, टँकर आला होता. सरांनी एकेक कागद डोळ्यांजवळ नेऊन रेघेखालचं वाचलं. मी उगाच ओढणी पिळत बसले, खरं तर ती केव्हाच वाळली होती.

‘‘तुमच्या पाड्याचा अर्ज यायचा आमच्याकडं,’’ फाइल मिटत ते म्हणाले. ‘‘दर उन्हाळ्याला. टँकर वाढवून मिळावा म्हणून. खाली सगळे अंगठे. मी त्याच दिवशी नंबर द्यायचो. एक दिवस उशीर केला नाय कधी.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? माझं टेबल तिथं संपायचं.’’

हे त्यांनी अभिमानानं सांगायला सुरुवात केली होती, पण वाक्य संपेपर्यंत त्यांच्या आवाजातला अभिमान गेला होता. मला त्यांचा राग यायला हवा होता, कारण त्या अंगठ्यांत माझ्या आयचाही अंगठा होता. पण समोर बसलेला तो वाळका माणूस बघून मला नुसतं रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मग सर उठले. खुर्चीवरून उठून त्यांनी खण उघडला आणि ते हिरवं पेन काढलं. माझ्या वहीवर ‘निकाली’ असं लिहायला घेतलं तर पेन उमटेना. झटकलं, जिभेला लावलं, तळहातावर घासलं. शाई कधीच वाळून गेली होती. शेवटी त्यांनी रोजच्या निळ्या पेनानं लिहिलं, शिक्का मारला आणि रजिस्टरात नोंद केली. शेरा: अर्जदाराने स्वतः सोडविले. काकू आतून सगळ्यांना चहा घेऊन आल्या. क्लासला चहा मिळाला तो तेवढ्याच दिवशी.

परीक्षेत टाकी आली. आकडे वेगळे होते, हंडे तेच होते. मी पास झाले आणि मला मुरबाडच्या बाजूला नेमणूक मिळाली. नवीन माणसाला जे टेबल देतात तेच मलाही दिलं, आवक-जावक. बाजूच्या लिपिकानं पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला की नंबर द्यायचा आणि विसरायचं. मी म्हटलं, या विषयात माझं शिक्षण फार वरच्या दर्जाचं झालंय.

पुढच्या एप्रिलात दुपारी एक म्हातारा आला. धसईच्या पलीकडच्या एका पाड्यातून. त्याच्या पिशवीत घडी घालून घालून मऊ झालेला अर्ज होता. मी खालून वाचलं, मग वरूनही वाचलं. विहीर, टँकर, गाळ, आणि खाली जांभळे अंगठे. मी नंबर दिला, शिक्का मारला, पोच दिली. म्हातारा पोच कपाळाला लावून निघून गेला. अर्ज ट्रेमध्ये टाकायला हात पुढं केला आणि तसाच राहिला. ट्रेमध्ये आधीचे कागद होते, त्यातला सगळ्यात खालचा पिवळा पडायला लागला होता.

मी सरांना फोन लावला.

‘‘सर, टँकरचा अर्ज आलाय.’’

‘‘त्रुटी हाय?’’

‘‘नाय.’’

‘‘नंबर दिलास?’’

‘‘दिला.’’

‘‘शिक्का?’’

‘‘मारला.’’

पलीकडं काकूंच्या मोरीत नळ वाहत असल्याचा आवाज येत होता, तो कुणीतरी बंद केला.

‘‘मग अजून खुर्चीवर काय करतेस गो?’’

साहेब जेवायला गेले होते. मी अर्ज हातात घेतला आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.